साखर आटोक्यात ठेवली तर खरंच फायदा होतो का? सत्तर वर्षं रखडलेलं एक उत्तर



पीएचडीच्या मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो, "तुमचा रिसर्च क्वेश्चन काय?" आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा, "आणि ते तुम्ही मोजणार कसं?" पहिल्याची तयारी आपण महिनाभर आरशासमोर उभं राहून करतो. दुसऱ्याला अडखळतो. मीही अडखळले होते. आज त्या दुसऱ्या प्रश्नाची गोष्ट सांगायची आहे. त्यासाठी मधुमेहाचा इतिहास निवडलाय. एक तर माझं काम त्याच्याच आसपासचं आहे (प्रथिनांना साखर चिकटली की काय होतं, हे मी बघते), आणि दुसरं कारण घरातलं आहे. घरापासूनच सुरुवात करते.

माझ्या आजीला वीस वर्षांपासून मधुमेह आहे. दर तीन महिन्यांनी रक्ततपासणी. त्या आधीचे चार दिवस आमच्या घरी वेगळेच असायचे. चहातली साखर बंद, भात बंद, संध्याकाळी देवळापर्यंत दोन फेऱ्या. पाचव्या दिवशी उपाशीपोटी रक्त द्यायचं. रिपोर्ट ११८. डॉक्टर खूश, आजी खूश, आणि येताना कोपऱ्यावरच्या दुकानातून पाव किलो जिलेबी! एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी हट्टाने तिची एचबीए१सी करून घेतली. लोक जिला 'तीन महिन्यांची टेस्ट' म्हणतात, ती. आकडा आला ९.१. आजी शांतपणे म्हणाली, "मशीन बिघडलं असेल."

मशीन बिघडलं नव्हतं. ११८ खरा होता आणि ९.१ सुद्धा खराच होता. पहिला आकडा त्या एका सकाळचा, दुसरा मागच्या तीनेक महिन्यांचा. आता हे आपल्याला इतकं उघड वाटतं, पण हा दुसरा आकडा हातात येईपर्यंत मधुमेहातला सगळ्यात मोठा प्रश्न अधांतरी लटकत होता. आणि तो प्रश्न अगदी साधा होता. रक्तातली साखर निरोगी माणसाच्या जवळपास ठेवली, तर डोळे, किडनी, नसा वाचतात का?

थोडं मागे जाऊ.

११ जानेवारी १९२२ ला टोरांटोमध्ये लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. पहिला अर्क पुरेसा शुद्ध नव्हता, फारसा उपयोग झाला नाही. जेम्स कॉलिपने तो शुद्ध करून दिल्यावर २३ जानेवारीपासून पुन्हा दिला, आणि मुलगा सावरला. बँटिंग, बेस्ट, मॅक्लिओड यांची ती कथा आणि १९२३ चं नोबेल तुम्हाला माहीत असेल, म्हणून तिथे थांबत नाही. मला त्याच्या पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. इन्सुलिनच्या आधी टाइप १ मधुमेहाची मुलं काही महिन्यांत, फार तर वर्षा-दोन वर्षांत जात. इन्सुलिननंतर ती जगू लागली. दहा वर्षं, पंधरा वर्षं, वीस वर्षं. आणि मग डॉक्टरांना अशा गोष्टी दिसू लागल्या, ज्या या मुलांत दिसायला पूर्वी वेळच मिळत नव्हता. तिशीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर रक्तस्राव. निकामी होणारी किडनी. पायाला जखम झालेली कळतच नाही.

हे सगळं साखरेमुळे होतं, की मधुमेह नावाच्या आजाराचाच तो दुसरा भाग आहे आणि साखरेचा त्याच्याशी थेट संबंध नाही? यावर दोन तट पडले.

एका बाजूला बॉस्टनचे इलियट जोसलिन. शिस्तीचे पक्के. मोजून खा, व्यायाम करा, इन्सुलिन वेळेवर घ्या, लघवीत साखर दिसता कामा नये. दुसऱ्या बाजूला न्यूयॉर्कचे एडवर्ड टॉलस्टॉय. त्यांचं म्हणणं असं, की रुग्णाचं वजन टिकून आहे, त्याला तहान-तहान होत नाही, लघवीत कीटोन नाहीत, मग थोडी साखर जात असेल तर जाऊ द्या. त्या माणसाला माणसासारखं जेवू द्या. आज टॉलस्टॉय चुकीचे ठरलेत म्हणून त्यांना हसू नका. १९४० च्या दशकात त्यांच्याविरुद्ध ठोस पुरावा कुणाकडेच नव्हता. शिवाय कडक शिस्तीत साखर एकदम उतरून बेशुद्ध पडण्याची भीती होती, ती अगदी खरी होती. तिच्याकडे आपण परत येणारच आहोत.

जोसलिन यांनी त्याच दशकात एक पदक सुरू केलं होतं. पंचवीस वर्षं मधुमेह असून ज्याला गुंतागुंती झाल्या नाहीत, त्याला ते मिळे. कल्पना सुंदर आहे. पण संशोधनाला लागणार असाल तर या पदकाकडे जरा रोखून बघा. पदक घ्यायला येणारे कोण? जे वाचले ते. ज्यांनी तितकीच शिस्त पाळली आणि तरी डोळे गमावले, ते त्या समारंभात नव्हते. शिस्त न पाळता ठणठणीत राहिलेलेही नव्हते. पदकांच्या यादीवरून शिस्तीचा गुण सिद्ध होत नाही. पेपर वाचताना अशी 'पदकांची यादी' तुम्हाला वारंवार भेटेल, फक्त तिला पदक म्हटलेलं नसेल.

आता मूळ अडचण. हे दोन्ही तट मोजत काय होते?

निळ्यापासून विटकरीपर्यंत

बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला बेनेडिक्ट टेस्ट सगळ्यांनीच केली असेल. पाच मिली निळं द्रावण, आठ थेंब लघवी, उकळायचं, रंग बघायचा. निळा म्हणजे साखर नाही, मग हिरवा, पिवळा, नारिंगी, आणि विटकरी लाल म्हणजे भरपूर. स्टॅन्ली बेनेडिक्ट यांनी हे द्रावण विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तयार केलं. आपल्याला ती जर्नलमध्ये सही घ्यायची एक टेस्ट वाटते, पण कित्येक दशकं जगभरातल्या मधुमेही लोकांचं आयुष्य तिच्यावर चाललं. आपल्याकडेही स्पिरिटचा दिवा, परीक्षानळी आणि बेनेडिक्टची बाटली ठेवणारी घरं होती. लघवीतल्या साखरेशी वैद्यकाची ओळख तर त्याहून जुनी. आयुर्वेदातलं 'मधुमेह' हे नावच त्यावरून आलंय, आणि १७७६ मध्ये इंग्लंडच्या मॅथ्यू डॉब्सन यांनी रुग्णाची लघवी आटवून खाली उरलेली साखर दाखवली होती.

पण लघवी उशिरा बोलते, आणि अर्धंच बोलते. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की मगच किडनी ती लघवीत सोडते. म्हणजे रक्तात १७० असेल तरी नळी निळी, ९० असेल तरी निळी, आणि साखर ४० वर येऊन माणूस कोसळायच्या बेतात असेल तरी निळीच! शिवाय ही १८० ची मर्यादाही सगळ्यांची सारखी नसते. वय वाढलं की ती बहुधा वर सरकते. त्यात मूत्राशयात दोन-तीन तासांपूर्वीची लघवी साठलेली. आताचं काहीच कळत नाही.

रक्त तपासता येत होतं, नाही असं नाही. पण प्रयोगशाळेत, शिरेतून काढून, आणि महिन्या-दोन महिन्यांतून एकदा. म्हणजे आजीचा ११८.

आता असा विचार करा. तुम्हाला तपासायचंय की साखर कमी ठेवणाऱ्यांचे डोळे वाचतात का. त्यासाठी कुणाची साखर वर्षानुवर्षं कमी राहिली आणि कुणाची जास्त, हे आधी कळायला हवं. आणि तुमच्याकडे आहे काय? कधीतरीचा नळीचा रंग आणि वर्षातून चार-सहा रक्ताचे नमुने. त्यावरून माणसांना 'चांगलं नियंत्रण' आणि 'वाईट नियंत्रण' अशा गटांत घालायचं. घातलंही गेलं. बेल्जियमच्या जाँ पिरार यांनी १९४७ ते १९७३ या काळात तब्बल ४,४०० रुग्णांच्या नोंदी ठेवल्या. चिकाटीला खरंच सलाम! त्यांना दिसलं, की ज्यांचं नियंत्रण वाईट त्यांना गुंतागुंती जास्त. तरीही वाद मिटला नाही. समोरचे म्हणाले, ज्यांचा आजारच मुळात जहाल, त्यांची साखर आटोक्यात येत नाही आणि त्यांचेच डोळे जातात. साखर हे कारण कशावरून? तीही त्या जहाल आजाराची खूणच असेल. या आक्षेपाला पिरार यांच्या हजारो नोंदींतही उत्तर नव्हतं. नोंदी कितीही वाढवल्या तरी ते मिळालं नसतं.

उत्तर एकाच रस्त्याने मिळणार होतं. चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे दोन गट करायचे, म्हणजे जहाल आणि सौम्य दोन्हीकडे सारखे वाटले जातील, आणि मग एका गटाची साखर मुद्दाम खाली ठेवायची. अमेरिकेत १९६१ मध्ये यूजीडीपी नावाचा तसा प्रयत्न टाइप २ च्या सुमारे हजार रुग्णांवर सुरू झाला. १९७० मध्ये निष्कर्ष आले आणि गहजब उडाला. टॉल्ब्युटामाइड ही गोळी घेणाऱ्या गटात हृदयविकाराने जास्त मृत्यू दिसले. डॉक्टर, औषध कंपन्या, संख्याशास्त्रज्ञ सगळे एकमेकांवर तुटून पडले आणि ते भांडण वर्षानुवर्षं चाललं. या गदारोळात दुसरा निष्कर्ष दबला. इन्सुलिनचा डोस साखर बघून बदलणारा गट आणि ठरावीक डोस घेणारा गट, यांच्यात गुंतागुंतींचा स्पष्ट फरक दिसला नव्हता. म्हणजे टॉलस्टॉय यांची बाजू १९७० सालीही मेली नव्हती. इन्सुलिनला तोवर जवळजवळ पन्नास वर्षं होत आली होती.

दोन गोष्टी कमी होत्या. एक, रुग्णाला घरी, तिथल्या तिथे साखर बघता येईल असं साधन, नाहीतर साखर खाली ठेवायची कशी? आंधळेपणाने इन्सुलिन वाढवलं तर माणूस दगावेल. आणि दुसरी, कित्येक आठवड्यांची साखर एका आकड्यात सांगणारी मोजपट्टी. दोन्ही जवळजवळ एकाच वेळी आल्या, आणि दोन्ही अनपेक्षित दारांनी आल्या.

इंजिनिअरचं मीटर, तेहरानची पट्टी

१९६० च्या दशकाच्या मध्यावर एम्स या अमेरिकन कंपनीने डेक्स्ट्रोस्टिक्स नावाची पट्टी आणली. रक्ताचा थेंब टाकायचा, एक मिनिट थांबायचं, धुवायचं आणि रंग तक्त्याशी जुळवायचा. रंग जुळवणं म्हणजे पुन्हा ज्याच्या-त्याच्या डोळ्यांवर, म्हणून तो रंग वाचणारं यंत्र त्याच कंपनीतल्या अँटन क्लेमन्स यांनी तयार केलं. एक किलोहून जड, महागडं, आणि विक्री डॉक्टरांनाच. रुग्णाने ते घरी वापरावं हे कुणाच्या मनातही नव्हतं.

रिचर्ड बर्नस्टाइन हे व्यवसायाने इंजिनिअर. बाराव्या वर्षापासून टाइप १ मधुमेह, चाळिशी गाठायच्या आत गुंतागुंती सुरू. त्यांनी १९६९ मध्ये या यंत्राची जाहिरात पाहिली. त्यांच्याच सांगण्यानुसार, डॉक्टर नसल्यामुळे त्यांना ते मिळेना, तेव्हा डॉक्टर असलेल्या पत्नीच्या नावावर त्यांनी ते मागवलं. मग ते स्वतःची साखर दिवसातून पाच-सहा वेळा मोजू लागले. काय खाल्लं की किती वाढते, किती इन्सुलिनने किती उतरते, इंजिनिअरच्या पद्धतीने सगळं लिहून काढलं. साखर स्थिरावली. हे त्यांनी लेख लिहून वैद्यकीय नियतकालिकांना पाठवलं. नकार आले. एका इंजिनिअरने स्वतःवर केलेला प्रयोग कोण छापणार? शेवटी पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांनी मेडिकल कॉलेजला प्रवेश घेतला आणि डॉक्टर झाले. (पहिला पेपर नाकारला गेला की आपण आठवडाभर तोंड लपवून बसतो. या माणसाने पदवीच घेतली!) त्यांनी पुढे मांडलेल्या आहाराच्या काही मतांशी सगळे सहमत नाहीत, पण तो वेगळा विषय. रुग्ण घरी मोजू शकतो आणि त्याने साखर सुधारते, हे १९७८ मध्ये ब्रिटनमधल्या दोन गटांनी 'लॅन्सेट'मध्ये दाखवलं आणि पहिली अडचण सुटली.

दुसरी सुटली तेहरानमध्ये. सॅम्युअल रहबर हे तिथल्या विद्यापीठात वेगळंच काहीतरी शोधत होते. रक्तातल्या हिमोग्लोबिनचे आनुवंशिक बिघाड. सिकलसेल हे त्यातलं आपल्या ओळखीचं. हिमोग्लोबिनला विजेच्या प्रवाहात पळवायचं आणि कुठला प्रकार किती पुढे जातो ते बघायचं, म्हणजे इलेक्ट्रोफोरेसिस. काही नमुन्यांत एक अनोळखी, जास्त वेगाने पळणारी पट्टी दिसली. ती आनुवंशिक असेल असं वाटावं, पण रुग्णांची माहिती पाहिली तर मधुमेह. मग त्यांनी आणखी मधुमेही लोकांचं रक्त तपासलं, तिथेही तीच पट्टी. १९६८ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं आणि पुढच्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये हेलन रॅनी यांच्या सोबतीने पक्कं केलं.

ही पट्टी म्हणजे साखर चिकटलेलं हिमोग्लोबिन. चुलीमागच्या भिंतीवर काजळी बसते तसं समजा. सण आहे म्हणून एक दिवस चूल बंद ठेवली तर भिंत पांढरी होत नाही. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. तेवढा काळ तिच्यातल्या हिमोग्लोबिनवर साखर हळूहळू, कुठल्याही एन्झाइमच्या मदतीशिवाय बसत राहते. रक्तात साखर जास्त तर काजळी जास्त. १९७६ मध्ये रॉकफेलर विद्यापीठातल्या केनिग, सेरामी आणि सहकाऱ्यांनी फक्त पाच मधुमेही रुग्णांना रुग्णालयात ठेवून त्यांची साखर नीट आटोक्यात आणली, आणि त्यांचा ए१सी मागोमाग उतरत गेलेला दाखवला. पाच रुग्ण! नमुना किती मोठा घेऊ, असं विचारणाऱ्यांसाठी सांगते. प्रश्न नेमका असेल तर पाचही पुरतात. पिरार यांच्या प्रश्नाला ४,४०० सुद्धा पुरले नव्हते.

जाता जाता एक गोष्ट, कारण ती आपल्या मातीतली आहे. ज्या बिघाडांच्या शोधात रहबर यांना हा आकडा सापडला, तेच बिघाड या आकड्याला फसवतात. सिकलसेलच्या रुग्णाची तांबडी पेशी १२० दिवस जगतच नाही. काजळी बसायला वेळच कमी, म्हणून ए१सी खोटा कमी येतो. लोहाची कमतरता असेल तर उलट, तो थोडा वाढलेला दिसू शकतो. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार या भागांत सिकलसेल किती आहे हे तुम्हाला ठाऊक आहे, आणि रक्तपांढरी तर राज्यात सगळीकडे. एमएस्सीच्या प्रोजेक्टमध्ये माझ्यासमोर असा एक नमुना आला होता. उपाशीपोटी साखर १९० च्या वर आणि ए१सी पाचाच्या आत. मी रीएजंट खराब झालं असं समजून तीनदा पुन्हा चालवलं. मॅडमनी आलेखावर एक नजर टाकली आणि बाजूच्या उंच शिखरावर बोट ठेवलं, "हे बघितलंस का?" मी बघितलंच नव्हतं. छापून आलेला आकडा तेवढा बघितला होता. अशा रुग्णांत थेट ग्लुकोज मोजावं लागतं, किंवा फ्रुक्टोसअमाइन, जे मागच्या दोन-तीन आठवड्यांचं सांगतं.

असो. आता साधन आलं, मोजपट्टी आली.

१९९३

१९८३ मध्ये अमेरिका आणि कॅनडात डीसीसीटी सुरू झाली. २९ केंद्रं, टाइप १ मधुमेहाचे १,४४१ रुग्ण, वय १३ ते ३९. चिठ्ठ्या टाकून दोन गट. एका गटाला नेहमीचे उपचार, म्हणजे दिवसातून एक-दोन इंजेक्शनं. दुसऱ्याला तीन किंवा जास्त इंजेक्शनं अथवा पंप, दिवसातून किमान चार वेळा बोट टोचून तपासणी, आणि पाठीशी नर्स, आहारतज्ज्ञ, फोनवर सल्ला. पहिल्या गटाचा ए१सी ९ च्या आसपास राहिला, दुसऱ्याचा ७ च्या. ही दोनाची दरी वर्षानुवर्षं टिकली. मला विचाराल तर या अभ्यासाचं खरं यश हेच. दोन गटांत फरक निर्माण करता आला आणि तो आहे हे दाखवता आलं. आणखी एक आकडा पेपरमध्ये सहज वाचून पुढे जावा असा आहे, पण जाऊ नका. ९९ टक्के रुग्ण शेवटपर्यंत टिकले. रोज चार वेळा बोट टोचून, सरासरी साडेसहा वर्षं.

१९९३ मध्ये अभ्यास ठरल्यापेक्षा वर्षभर आधी थांबवला, कारण उत्तर मिळालं होतं. सुरुवातीला ज्यांचे डोळे निरोगी होते, त्यांच्यात पडद्याचा विकार होण्याची जोखीम ७६ टक्क्यांनी कमी. ज्यांना थोडा विकार आधीच होता, त्यांच्यात तो वाढण्याची जोखीम ५४ टक्क्यांनी कमी. नसांचा विकार ६० टक्क्यांनी कमी. जोसलिन बरोबर होते. ते कळायला ते हयात नव्हते, १९६२ मध्येच गेले.

इन्सुलिन १९२२, उत्तर १९९३. एकाहत्तर वर्षं. या काळात डॉक्टर आळशी होते किंवा हुशार नव्हते असं अजिबात नाही. प्रश्न पहिल्या दिवसापासून स्पष्ट होता. मोजता येत नव्हता.

१९९८ मध्ये ब्रिटनच्या यूकेपीडीएस या वीस वर्षं चाललेल्या, ५,१०२ रुग्णांच्या अभ्यासाने टाइप २ साठीही तसंच दाखवलं. फरक लहान, ए१सी ७.० विरुद्ध ७.९, आणि बारीक रक्तवाहिन्यांच्या गुंतागुंती २५ टक्क्यांनी कमी.

इथे लेख संपला असता तर फार छान झालं असतं. मी एमएस्सीला हे सगळं वाचलं तेव्हा माझ्यापुरता तो संपलाही होता. मी आजीसाठी वही आणली. रेघा मारल्या, तारीख, उपाशीपोटी, जेवणानंतर. ग्लुकोमीटर आणला. भिंतीवर कागद चिकटवला, "लक्ष्य ६.५". फोनवर रोज विचारायचे, "आज किती?" आकडा मोठा असला की माझा आवाज बदलायचा. तो बदलायचा हे मला तेव्हा कळत नव्हतं, आईने नंतर सांगितलं.

डीसीसीटीच्या त्याच पेपरात आणखी एक वाक्य होतं, जे मी वाचलं होतं आणि ओलांडून गेले होते. कडक नियंत्रणाच्या गटात साखर धोकादायक उतरण्याचे प्रसंग जवळजवळ तिप्पट होते. आणि ते रुग्ण होते जास्तीत जास्त ३९ वर्षांचे, नर्स पाठीशी असलेले. माझी आजी ७४ वर्षांची होती आणि तिच्या पाठीशी मी होते, फोनवर.

दिवाळीला घरी गेले होते. पहाटे चारच्या सुमाराला ती मोरीपाशी भिंत धरून उभी दिसली. अंग घामाने चिंब. मी हाक मारली तर माझ्याकडे बघून माझ्या आत्याचं नाव घेतलं. मीटरवर ४६. ती गिळू शकत होती हे नशीब. साखरपाणी दिलं, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं, पुन्हा दिलं, उजाडताच दवाखाना. दुपारी पूर्ण शुद्धीवर आल्यावर म्हणाली, "रात्री जेवले नाही गं. गोळी तेवढी घेतली. तुझ्या वहीत सकाळचा आकडा मोठा येतो ना."

ती गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावणारी होती. पोटात अन्न असो-नसो, ती तिचं काम करते. हे मला माहीत होतं. परीक्षेत लिहिलं होतं.

अकॉर्ड हा अभ्यास मी त्यानंतर नीट वाचला. उत्तर अमेरिकेतला, टाइप २ चे १०,२५१ रुग्ण, सरासरी वय ६२, आणि हृदयविकार असलेले किंवा त्याचा मोठा धोका असलेले. एका गटाचा ए१सी ६ च्या खाली न्यायचं लक्ष्य, दुसऱ्याचा ७ ते ७.९. सगळ्यांचा अंदाज होता की जितका कमी तितका बरा. फेब्रुवारी २००८ मध्ये कडक गटाचे उपचार मध्येच थांबवावे लागले. त्या गटात २५७ मृत्यू झाले होते, दुसऱ्यात २०३. साखर उतरण्याचे प्रसंग कडक गटात जास्त होते, पण जास्तीचे मृत्यू नेमके त्यामुळेच झाले असं आकडेवारीतून सिद्ध करता आलं नाही. कारणांवर अजून वाद आहे. पण कडक लक्ष्य सरसकट सगळ्यांना लावायचं नाही, हे तेव्हापासून उपचारांच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आलं. तरुण, नुकतंच निदान झालेला माणूस वेगळा, आणि वीस वर्षांचा मधुमेह असलेली पंचाहत्तरीची बाई वेगळी. थोडक्यात, 'साखर कमी ठेवून फायदा होतो का' हा प्रश्न अर्धाच विचारला होता. 'कुणाला' हा शब्द त्यात नव्हता. १९९३ च्या उत्तरात तो होता, १३ ते ३९, टाइप १, पेपरच्या पहिल्या पानावरच. मी सारांशातले ७६ आणि ६० घेऊन आजीकडे गेले होते.

म्हणून सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा ज्या मोठ्या पेपरच्या आधाराने तुम्ही लिहिताय, त्याचा 'सहभागी' हा भाग आधी वाचा. निष्कर्ष नंतर. आणि जो आकडा तुम्ही मोजणार आहात, तो कुणात खोटा येतो हे गाईडने विचारायच्या आधी स्वतः शोधून ठेवा. मला तोंडी परीक्षेत हे विचारलं गेलं आणि सिकलसेलच्या त्या शिखरामुळे मी वाचले.

आजीच्या डॉक्टरांनी ती गोळी बदलली आणि सांगितलं, साडेसात-आठपर्यंत असलं तरी चालेल, पण जेवण चुकवायचं नाही. भिंतीवरचा कागद मी काढला. वही तीच आहे, फक्त उपाशीपोटीच्या आधी एक रकाना वाढलाय, "रात्री जेवली का?" तिथे ती आकडा लिहीत नाही. काय जेवली ते लिहिते. परवाच्या पानावर होतं, अर्धी भाकरी, मेथी, आणि खाली बारीक अक्षरात, जिलेबी एक.